गेम ऑन, टेन्शन गॉन!

अंगणातल्या फरशीवर शेवाळाचा काळपट थर. हातात प्रेशर वॉशर. फस्सकन फवारा सुटतो, थरातून पांढरीशुभ्र रेघ उमटते आणि बघता बघता अख्खी फरशी लख्ख! ना शत्रू, ना बॉम्ब, ना पळणारं घड्याळ. हा चक्क व्हिडिओ गेम आहे मंडळी! नाव ‘पॉवरवॉश सिम्युलेटर’, स्टुडिओ इंग्लंडमधला फ्युचरलॅब. २०२२ मध्ये तो पूर्ण रूपात बाजारात आला आणि दिवसभर राबून घरी आलेली लाखो माणसं आनंदाने पुन्हा साफसफाईला लागली.

खरी जादू आहे त्याच्या ‘टिंग’मध्ये. एखादी खिडकी किंवा पायरी जवळपास स्वच्छ झाली की उरलासुरला डाग गेम स्वतःच पुसून टाकतो, तेवढा भाग क्षणभर चमकतो आणि टिंग! कोपऱ्यात लपलेला शेवटचा ठिपका शोधत बसायची कटकटच नाही. ज्यांनी कधी तेलकट शेगडी घासली आहे, त्यांना या सोयीची किंमत लगेच कळेल.

माहीत आहे का, या धुलाईवर ऑक्सफर्डमध्ये रीतसर संशोधन झालं आहे? ऑक्सफर्ड इंटरनेट इन्स्टिट्यूटसाठी फ्युचरलॅबने गेमची खास आवृत्ती काढली. खेळता खेळता मध्येच प्रश्न यायचा, आत्ता मूड कसा आहे? ३९ देशांतले ८,६९५ खेळाडू, ६७,३२८ बैठका. निघालं काय, तर सुमारे ७२ टक्के खेळाडूंचा मूड खेळताना सुधारतो, आणि सुधारायचा तो बहुतेक पहिल्या १५ मिनिटांतच सुधारतो. म्हणजे टी-ब्रेकमध्ये भिंतही धुऊन होते आणि मनही!

अशा गेम्सना हल्ली ‘कोझी गेम्स’ म्हणतात. डोकं शांत करणारे, जिवाला घोर न लावणारे. पण यांच्या निवांतपणामागे केवढी धावपळ असते ते ऐकाल, तर थक्क व्हाल!

साहेब आले, पत्ते लपवा!

ऑफिसच्या खुर्चीत बसून डोकं हलकं करणारा जगातला सगळ्यात ओळखीचा गेम कोणता? बरोब्बर, सॉलिटेअर! १९९० साली विंडोज ३.० बरोबर तो घराघरांत आणि टेबलाटेबलांवर पोचला. लिहिला कोणी, तर मायक्रोसॉफ्टमध्ये इंटर्न असलेल्या वेस चेरीने. पत्त्यांची चित्रं सुझन केअर यांची. अ‍ॅपलच्या मॅकिंतॉशचे गाजलेले आयकॉनही त्यांचेच! आणि या खेळाचा एक छुपा फायदा म्हणजे लोकांना माऊसची सवय लागणं. पत्ता उचल, ओढ, तिकडे सोड. खेळता खेळता ड्रॅग-अँड-ड्रॉपचा क्लास, तोही बिनफीचा!

आणि हे माहीत आहे का? चेरीने त्यात एक ‘बॉस की’ ठेवली होती. साहेब येताना दिसले की बटण दाबायचं. पत्ते गायब, खोटी स्प्रेडशीट हजर! कंपनीने ती काढायला लावली. एवढा खेळला गेलेला गेम, पण चेरीला रॉयल्टीचा छदामही मिळाला नाही. सॉलिटेअर मात्र २०१९ मध्ये ‘वर्ल्ड व्हिडिओ गेम हॉल ऑफ फेम’मध्ये जाऊन बसला. हुकमाचा एक्का!

सातबाऱ्याशिवाय शेती

यासुहिरो वादा जपानच्या क्युशू बेटावर, गावाकडे वाढले. पुढे टोकियोत कामाला आले आणि मग गावाची किंमत कळली. त्यातून १९९६ मध्ये जन्मला ‘हार्वेस्ट मून’. गेम म्हणजे मारामारी असं समीकरण असण्याच्या दिवसांत या पठ्ठ्याने खेळाडूच्या हातात तलवारीऐवजी पाण्याची झारी दिली!

तो गेम खेळत मोठा झाला अमेरिकेतला एरिक बॅरोन. कॉम्प्युटर सायन्सची पदवी हातात, पण नोकरी मिळेना. मग हात बसावा म्हणून स्वतःच एक शेतीचा गेम करायला घेतला. कोड त्याचा, चित्रं त्याची, संगीत त्याचं, गावकऱ्यांचे संवादही त्याचेच. पोटापाण्यासाठी सिअ‍ॅटलच्या पॅरामाउंट थिएटरमध्ये प्रेक्षकांना खुर्च्या दाखवायची अर्धवेळ नोकरी. असं किती दिवस? जवळजवळ साडेचार वर्षं! पात्रांचे चेहरे पुनःपुन्हा पुसले, पुनःपुन्हा काढले. २६ फेब्रुवारी २०१६ ला ‘स्टारड्यू व्हॅली’ बाजारात आला आणि डिसेंबर २०२४ पर्यंत त्याच्या ४ कोटी १० लाख प्रती खपल्या. याला म्हणतात बंपर पीक!

एक सूचना मात्र देऊन ठेवते. स्टारड्यूमध्ये दिवस भराभर सरतो आणि रात्री दोनच्या आत अंथरूण गाठलं नाही, तर तुमचा शेतकरी जागच्या जागी कोसळतो. गेममधल्या माणसाला जागरण परवडत नाही. तुम्हीही फोन ठेवा आणि झोपा!

सलगमचा शेअर बाजार

कात्सुया एगुची निन्टेन्डोत नोकरी लागली म्हणून चिबा सोडून क्योटोला आले. घरचे मागे राहिले, दोस्त मागे राहिले. नव्या शहरात पोटात जो खड्डा पडला, तो त्यांच्या लक्षात राहिला आणि २००१ मध्ये त्यातून ‘अ‍ॅनिमल क्रॉसिंग’ घडला. शेजारी राहणारे प्राणी तुमची विचारपूस करतात, पत्रं पाठवतात, वाढदिवस लक्षात ठेवतात. परगावी एकटं राहिलेल्या कुणालाही हे भिडेल.

या मालिकेतला ‘न्यू होरायझन्स’ २० मार्च २०२० ला आला. तारीख बघितलीत? जग घरात कोंडलं जात होतं नेमकं तेव्हा! पहिल्या सहा आठवड्यांत १ कोटी ३४ लाख प्रती संपल्या. लोकांनी गेममध्येच वाढदिवस केले, लग्नं लावली. लॉस एंजेलिसच्या गेटी म्युझियमने तर आपल्या संग्रहातली चित्रं गेममधल्या घराच्या भिंतीवर टांगायची सोय करून दिली. व्हॅन गॉग थेट तुमच्या दिवाणखान्यात!

माहीत आहे का, इथे सलगमची सट्टेबाजी चालते? रविवारी सकाळी सलगम विकत घ्यायचे, आठवडाभरात भाव वधारला की विकायचे. भाव दिवसातून दोनदा बदलतो. पुढच्या रविवारपर्यंत हातात राहिले, तर सगळा माल सडला! खेळाडूंनी भाव सांगणाऱ्या वेबसाइट्स काढल्या, चांगला भाव असलेल्या परक्या बेटांवर रांगा लावल्या. दलाल स्ट्रीटनेही कौतुक करावं असा उत्साह.

आणि तो रागीट चिचुंद्रीसारखा मिस्टर रिसेटी! जुन्या आवृत्तीत सेव्ह न करता गेम बंद केला, की पुढच्या वेळी तो जमिनीतून वर येऊन लांबलचक झापायचा. पुढे ऑटोसेव्ह आलं आणि स्वारीची ती नोकरीच संपली.

ढकलाढकली बंद, गाणं सुरू

आता जरा थांबा, कारण पुढचा किस्सा माझा सगळ्यात लाडका आहे.

२०१२ चा ‘जर्नी’. वाळवंट, दूरवर चमकणारं डोंगराचं शिखर, झगा घातलेला तुमचा प्रवासी. वाटेत दुसरा प्रवासी भेटतो. तो जगातल्या कुठल्यातरी घरात बसलेला खराखुरा माणूस असतो. पण त्याचं नाव दिसत नाही, चॅट नाही, माइक नाही. तुम्ही फक्त एक सूर काढू शकता. छोटा किंवा मोठा. बस्स! दोन सुरांत माणसं ‘इकडे ये’, ‘थांब’, ‘सांभाळून’ सगळं सांगतात.

आता पडद्यामागे चला. जेनोव्हा चेन आणि त्यांच्या टीमने आधी प्रवाशांना एकमेकांना ढकलता येईल अशी सोय ठेवली होती. वाटलं, एकमेकांना चढायला मदत करतील. लोकांनी काय केलं? एकमेकांना खड्ड्यात ढकललं! चाचणीत हेच पुन:पुन्हा घडायला लागलं. मग टीमने धक्काच काढून टाकला. आता जवळ आलात की एकमेकांची ताकद वाढते, दोघांचे स्कार्फ उजळतात. बदलली फक्त एक गोष्ट, आणि तीच खेळाडू मंडळी एकमेकांसाठी वाटेत थांबायला लागली! गेम बनवणाऱ्याने दिलेल्या नियमावर माणसाचं वागणं किती अवलंबून असतं, याचा याहून सुंदर पुरावा मला माहीत नाही. सोबत चाललेल्याचं नाव कळतं ते अगदी शेवटी, श्रेयनामावली सरकून गेल्यावर.

दोन तासांत संपणाऱ्या या गेमला तीन वर्षं लागली आणि त्यात स्टुडिओची तिजोरी रिकामी झाली. पण ऑस्टिन विंटरी यांच्या संगीताला ग्रॅमीचं नामांकन मिळालं. पूर्ण गेमच्या संगीताला असं नामांकन मिळायची ती पहिलीच वेळ!

याच स्टुडिओचा २००९ मधला ‘फ्लॉवर’ त्याहून निवांत. तुम्ही वारा व्हायचं आणि पाकळ्या उडवत कुरणांवरून फिरायचं. शांघायच्या सिमेंटच्या जंगलात वाढलेले चेन कॅलिफोर्नियात आले, नजर पोचेल तिथवर गवत बघून हरखले, आणि त्यातून हा गेम उगवला. २०१३ मध्ये तो अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयातही रुजू झाला.

कान देऊन ऐका

माझं ठाम मत आहे की कोझी गेम अर्धा डोळ्यांनी आणि अर्धा कानांनी खेळायचा असतो. हेडफोनशिवाय खेळू नका!

पुरावा हवा? ऑस्ट्रेलियातल्या विच बीम स्टुडिओचा ‘अनपॅकिंग’ घ्या. काम एकच, खोक्यांतून सामान काढून नव्या घरात लावायचं. १९९७ ते २०१८ या काळातली एका मुलीची आठ बिऱ्हाडं. कप लाकडी फळीवर ठेवला तर एक आवाज, ओट्यावर ठेवला तर दुसरा, गादीवर टाकला तर तिसरा. त्यासाठी किती ध्वनी रेकॉर्ड केले असतील? तब्बल १४,०००!

आणि यातला एक क्षण बघाच. नायिका बॉयफ्रेंडच्या फ्लॅटवर राहायला जाते. खोक्यातून तिच्या पदवीचं फ्रेम केलेलं सर्टिफिकेट निघतं. या भिंतीवर लावून बघा, त्या भिंतीवर बघा. सगळीकडे त्याचीच पोस्टर्स, जागाच नाही. ते राहतं कुठे? पलंगाखाली! नायिका एकदाही पडद्यावर दिसत नाही, पण पलंगाखालच्या त्या चौकटीवरून तिचं काय चाललंय ते कळतं. २०२२ च्या ‘बाफ्टा’ या ब्रिटिश पुरस्कारांमध्ये उत्तम कथनाचा पुरस्कार या गेमला मिळाला आणि प्रेक्षकांच्या मतांवर ठरणारा ‘गेम ऑफ द इयर’ही! सामान लावलं, आणि बक्षिसांचं कपाटही भरलं.

‘माइनक्राफ्ट’चं संगीत मध्येच येतं, मध्येच जातं. लक्षात आलंय कधी? तुम्ही खोदत असता, बराच वेळ नुसता कुदळीचा ठकठक आवाज, आणि अचानक पियानो. जर्मन संगीतकार डॅनिएल रोझेनफेल्ड उर्फ सी-फोर-एटीन यांची ही किमया. २०११ मध्ये निघालेला त्यांचा ‘व्हॉल्यूम अल्फा’ हा अल्बम २०२५ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करायच्या ध्वनिमुद्रणांच्या यादीत घेतला. अभ्यासाला बसताना लावून बघा. शब्द नसल्यामुळे वाचनात अडथळा येत नाही.

समुद्र आवडतो? २०१६ च्या ‘आब्झू’मध्ये पडद्यावर एका वेळी १०,००० पर्यंत मासे पोहतात, आणि एका दगडी शार्कच्या पाठीवर मांडी घालून त्यांना नुसतं बघत बसता येतं. मत्स्यालयाचं तिकीट वाचलं!

हळू, आणखी हळू, अतिहळू

२०१४ चा ‘माउंटन’. तुम्ही डोंगर आहात. करायचं काय? काही नाही! ऋतू बदलतात, बर्फ पडतो, अधूनमधून आकाशातून एखादी वस्तू येऊन डोंगरात रुतते. डेव्हिड ओरायली यांच्या या गेमच्या जाहिरातीतच ‘कंट्रोल्स’समोर ‘काहीही नाही’ असं लिहिलं होतं. त्यांचाच पुढचा गेम ‘एव्हरीथिंग’. त्यात तुम्ही मुंगीपासून आकाशगंगेपर्यंत काहीही होऊ शकता. माहीत आहे का, त्याचा ट्रेलर व्हिएन्नाच्या लघुपट महोत्सवात जिंकला आणि ऑस्करच्या स्पर्धेसाठी पात्र ठरला? व्हिडिओ गेमच्या नशिबी असा योग पहिल्यांदाच!

डोंगर कमी पडला तर ‘द लाँगिंग’ घ्या. जमिनीखाली झोपलेल्या राजाला ४०० दिवसांनी उठवायचं. गेममधले दिवस नव्हेत, कॅलेंडरवरचे ४०० दिवस! गेम बंद केला तरी घड्याळ चालूच. जर्मनीतल्या स्टुडिओने २०२० मध्ये तो आणला. तुमचा छोटासा सावलीपुरुष गुहेत रेंगाळतो, चित्रं काढतो, पुस्तकं वाचतो. आणि काय डोकं लढवलंय बघा, आपली खोली जितकी उबदार सजवाल, तितका तिथे बसल्यावर वेळ भराभर जातो. घर सजवलं की दिवस सरले!

संथपणाचा बाप मात्र १९९५ चा ‘डेझर्ट बस’. टूसॉन ते लास व्हेगास बस चालवायची. वाळवंटातला सरळ रस्ता, वेग फार तर ताशी ४५ मैल, प्रवास आठ तास. पॉज नाही. बस सारखी उजवीकडे ओढते, त्यामुळे स्टिअरिंग सोडायची सोय नाही. काही तासांनी काचेवर एक किडा आपटतो, तीच मोठी घटना. पोचलात की मिळतो एक गुण. एक! पेन आणि टेलर या जादूगार जोडीचा हा गेम तेव्हा बाजारात आलाच नाही. पण २००७ पासून कॅनडातली मंडळी दरवर्षी हाच गेम दिवसेंदिवस खेळून मुलांच्या रुग्णालयांसाठी निधी गोळा करतात. आठ तासांच्या कंटाळ्याने कितीतरी आजारी मुलांच्या खाटांपाशी खेळणी पोचवली. बसचं सार्थक झालं!

डॉक्टर, गेम लिहून द्या

टेट्रिस अंतराळात खेळलेला पहिला व्हिडिओ गेम आहे, माहीत आहे का? १९९३ मध्ये रशियन अंतराळवीर अलेक्सांद्र सेरेब्रोव्ह आपला हातात धरून खेळायचा गेम बॉय घेऊन मीर स्थानकावर गेले. परत आलेला तो गेम बॉय २०११ मध्ये लिलावात १,२२० डॉलरना गेला. ठोकळे वरून खाली पडतात म्हणे. पण जिथे वर-खाली असं काही नसतंच, तिथे काय वाटलं असेल!

टेट्रिसची दुसरी कामगिरी अधिक मोलाची. ऑक्सफर्डच्या जॉन रॅडक्लिफ रुग्णालयात रस्ता-अपघात होऊन सहा तासांच्या आत आलेल्यांवर एक प्रयोग झाला. एकूण ७१ रुग्ण. काहींना अपघात आठवायला सांगून सुमारे २० मिनिटं टेट्रिस खेळायला दिलं. पुढच्या आठवड्यात त्यांना अपघाताची दृश्यं न बोलावता आठवण्याचं प्रमाण इतरांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी निघालं. संशोधकांचा तर्क साधा आहे. ठोकळे जुळवताना मेंदूचा चित्रं साठवणारा भाग गुंतून जातो आणि भयाण दृश्यांना तिथे पक्कं बसायला जागा मिळत नाही. प्रयोग छोटा होता, पण २०१७ मध्ये निष्कर्ष छापून आल्यावर त्याची चर्चा भरपूर झाली.

एकाग्रतेचं म्हणाल, तर जून २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ‘एन्डेव्हर-आरएक्स’ला परवानगी दिली. लक्ष टिकत नसलेल्या मुलांसाठी, तेव्हा वयोगट ८ ते १२, डॉक्टरच्या चिठ्ठीवर द्यायचा गेम! सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर नव्हे, पण जवळपास तसंच.

आणि २००३ चा ‘वाइल्ड डिव्हाइन’? बोटांना सेन्सर लावायचे, श्वास संथ करायचा, की पडद्यावरचं दार उघडतं. धडधड वाढली की दार बंद! प्राणायाम करणाऱ्यांना इथे हमखास चांगले मार्क.

बेडूक फिरायला गेला

जपानच्या हिट-पॉइंट कंपनीच्या ‘ताबीकाएरू’मध्ये तुमच्याकडे एक बेडूक असतो. तुम्ही त्याचा डबा भरायचा. तो मनात येईल तेव्हा निघून जातो आणि कुठून कुठून फोटो पाठवतो. कधी येणार, काही सांगत नाही. २०१८ च्या सुरुवातीला हा गेम चीनमध्ये तुफान चालला. गंमत म्हणजे तेव्हा तो फक्त जपानी भाषेत होता! परगावी शिकायला गेलेल्या मुलाचे आई-बाबा हा गेम न शिकवताच खेळतील.

‘काइंड वर्ड्‌स’मध्ये तर शत्रूच्या जागी अनोळखी लोकांची पत्रं असतात. कुणी लिहितं, उद्या परीक्षा आहे, भीती वाटते. तुम्ही दोन ओळी धीराच्या पाठवायच्या. पोस्टमन एक हरीण! २०२० मध्ये या गेमला बाफ्टा मिळाला.

नेक्स्ट स्टेशन, दादर!

आपल्याकडे वळूया? न्यूझीलंडच्या करी बंधूंनी २०१३ मध्ये एका गेम-जॅमसाठी, म्हणजे ठरावीक वेळेत गेम बनवायच्या स्पर्धेसाठी, घाईघाईत बनवलेला नमुना पुढे ‘मिनी मेट्रो’ झाला. ठिपक्यांची स्टेशनं, रेघांचे मार्ग. संगीत आधी रेकॉर्ड केलेलं नाही. तुमच्या गाड्या आणि प्रवासी जसे हलतात, तसे सूर तयार होतात. त्यात मुंबईचा नकाशाही आहे! साध्या मोडमध्ये एखादं स्टेशन तुंबलं की खेळ खल्लास. पण ‘एंडलेस’ मोड लावा, कितीही गर्दी झाली तरी सेवा सुरूच. दादरचा पूल रोज चढणाऱ्यांनी हाच मोड घ्यावा.

गोव्याच्या फ्रॉस्टवुड इंटरॅक्टिव्हचा ‘फरगॉटन फील्ड्स’ २०२१ मध्ये आला. लेखणी अडलेला एक लेखक विकायला काढलेल्या आपल्या लहानपणच्या घरी शेवटचं जातो, एवढीच गोष्ट. ज्यांच्या गावच्या घराला कुलूप लागलंय, त्यांनी जरूर खेळावा.

आणि इंडोनेशियाचा ‘बस सिम्युलेटर इंडोनेशिया’! २०१७ चा हा मोबाइल गेम भारतात जबरदस्त लोकप्रिय आहे. का माहीत आहे? यात बसचा रंग, पाट्या, अख्खी बससुद्धा आपल्या मनासारखी बनवून घालता येते. मग आपली पोरं गप्प बसतील? त्यांनी थेट एसटीची लालपरी उतरवली! त्यात इंडोनेशियाचा जगप्रसिद्ध ‘तेलोलेट’ हॉर्नही आहे. तिथली मुलं रस्त्याकडेला उभी राहून ड्रायव्हरकाकांकडे तो सुरेल हॉर्न मागतात, इतका तो लाडका! तर आता चित्र असं, जावा बेटाचा रस्ता, दुतर्फा झाडी, लालपरी झोकात वळण घेतेय आणि भोंगा वाजतोय तेलोलेट! चला, डबल बेल!